देशी खेळ आणि शालेय शिक्षण

अंगणात, गल्लीत व गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या खेळांचा, शाळकरी मुलामुलींना सहकार्याची आणि नियमित हालचालीची सवय लावण्यासाठी केलेला हेतुपुरस्सर उपयोग. आट्यापाट्या, खो-खो, हुतूतू (कबड्डी), लंगडी, लगोरी, विटीदांडू, फुगडी इ. खेळ मुळात शाळेबाहेरचे होत. त्यांना शाळेच्या वेळापत्रकात स्थान मिळाले, ते मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यासाठी या खेळांचे नियम लिहिले गेले, मैदाने आखली गेली व गड्यांची संख्या ठरविण्यात आली. या नियमबद्धतेमुळे देशी खेळांना प्रतिष्ठा लाभली. परंतु सर्व मुलांना डावात सामावून घेण्याची जी सोय अंगणातील खेळात होती, ती काही अंशी नाहीशी झाली. शालेय शिक्षणातील देशी खेळांचा इतिहास समजून घेताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील मुलांच्या खेळांचे जुने व विपुल उल्लेख संतवाङ्‌मयात आढळतात. संत तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी, टिपरी, फुगडी यांसारख्या खेळांवर रूपके केलेली आहेत. श्रोत्यांना या खेळांचे डावपेच व परिभाषा परिचित असल्याखेरीज अशी रूपके करता आली नसती. यावरून सतराव्या शतकात हे खेळ लोकजीवनात पूर्णपणे रुजलेले होते, असे म्हणता येते. मुलांचे हे खेळ आणि तालमीतील व्यायाम यांची क्षेत्रे मात्र निराळी होती. कुस्ती, मल्लखांब, दांडपट्टा इ. प्रकार वस्तादाच्या देखरेखीखाली शिकावे लागत. मुलांचे खेळ मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे आपोआप जात असत. त्यांना गुरू नव्हता, ग्रंथही नव्हता. एकाच खेळाचे नियम दर दहा कोसांवर बदलत आणि वाद निर्माण झाल्यास तो खेळणाऱ्यांनाच मिटवावा लागे.

इंग्रजी अमदानीत स्थापन झालेल्या शाळांत प्रारंभी या खेळांना फारसे स्थान नव्हते. १८८२ च्या भारतीय शिक्षण आयोगाने (हंटर आयोग) देशी खेळ, व्यायाम व कवायत यांना उत्तेजन देऊन मुलांची शारीरिक वाढ साधावी, अशी शिफारस केली होती. तथापि व्यवहारात कवायतीलाच प्राधान्य मिळाले. सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई अनेक शाळांत ड्रिलमास्तर म्हणून नेमले जात. एका आज्ञेसरशी सर्व मुलांनी एकच हालचाल करावयाची, हे कवायतीचे स्वरूप असल्याने तीत शिस्त होती. पण एकमेकांकडे पाहून निर्णय घेण्यास वाव नव्हता. खेळांमध्ये क्रिकेटसारख्या विदेशी खेळांना मान होता. त्यांना लागणारे साहित्य व राखलेले मैदान बहुसंख्य शाळांच्या आवाक्याबाहेरचे होते. देशी खेळांसाठी जमिनीवर ओढलेल्या रेघा पुरत. हे खेळ शाळेत आणण्यामागे राष्ट्रीय अस्मितेबरोबरच हे व्यावहारिक कारणही होते.

नियमबद्धता व शाळेतील प्रवेश : स्वदेशी चळवळीच्या काळात देशी खेळांविषयी नवी आस्था निर्माण झाली. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली आणि १९१४ मध्ये तेथे खो-खोचे नियम तयार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. हुतूतूच्या नियमांना एकसूत्रीपणा आणण्याचे प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्यास झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये या खेळाचे अखिल भारतीय सामने भरविले. त्याच जिमखान्याच्या द्वारे १९२४ मध्ये खो-खोचे नियमही प्रसिद्ध झाले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये आट्यापाट्या व खो-खो या खेळांच्या नियमावल्या प्रकाशित केल्या. छापील नियम हाती आल्यामुळे दोन निरनिराळ्या गावांतील शाळांचे सामने लावणे शक्य झाले. शिक्षकालाही शिकविण्यासाठी निश्चित असे काही मिळाले [⟶ आट्यापाट्या, कबड्डी, खो-खो].

बडोदे येथील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामासाठी भारतीय भाषेतील आज्ञांचा पुरस्कार केला. त्यामुळे कवायतीचे परकेपण कमी झाले. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाच्या अनेक खंडांत देशी व्यायामप्रकार व खेळ यांची माहिती संकलित केली. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालविले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली.

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यानंतर शारीरिक शिक्षणाकडे शासनाने प्रथमच विशेष लक्ष पुरविले. माणिकरावांचे शिष्य व लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्याकडे या विषयासंबंधीच्या समितीचे अध्यक्षपद देण्यात आले. १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ड्रिलमास्तराच्या जागी प्रशिक्षित शिक्षक येण्याची प्रक्रिया या सुमारास सुरू झाली.

शाळेने सर्वच देशी खेळ स्वीकारले नाहीत. मोकळी जागा पुरेल, साहित्य लागणार नाही, दोन पक्ष पडतील व पंचाला निर्णय देता येईल असे खेळ निवडले गेले. विटीदांडूत डोळ्यास इजा होण्याची भीती होती, तर गोट्यांना जुगाराचा वास येत असे. म्हणून हे खेळ फाटकाबाहेर राहिले. झिम्मा, फुगडी, पिंगा यांसारखे मुलींचे खेळ मंगळागौर, भोंडला या प्रसंगांशी जोडलेले असल्याने त्यांची गणना सांस्कृतिक कार्यक्रमात होऊ लागली. व्यायाम म्हणून त्यांचा विचार क्वचितच झाला.

खेळांची रचना व सहकार्य : देशी खेळांमुळे सहकार्य शिकविले जाते, हे विधान सरसकट खरे नाही. ते कोणत्या नियमामुळे घडते, हे प्रत्येक खेळात तपासून पाहावे लागते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी एका ओळीत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा घेतली की, खांब गाठेपर्यंत ती बदलता येत नाही. तसेच त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्या गड्यास मात्र बसलेल्यांच्या मधून कोठेही वळता येते. या बंधनामुळे एकटा पाठलाग करणारा, मग तो कितीही चपळ असो, फार काळ यशस्वी होऊ शकत नाही. योग्य क्षणी बसलेल्या गड्याच्या पाठीमागून ‘खो’ देऊन त्याला आपली जागा सोपवावी लागते. सर्वांत वेगवान मुलाने केव्हा थांबावे, हे या खेळात शिकावे लागते.

आट्यापाट्यांत प्रत्येक बाजूस नऊ गडी असतात. एका पक्षाचे गडी आडव्या पाट्या अडवून धरतात आणि त्यांपैकी एक जण मधल्या उभ्या सूरपाटीवरून फिरत राहतो. दुसऱ्या पक्षाच्या गड्यांना या पाट्या ओलांडून पलीकडे जावयाचे व परत यावयाचे असते. पाटीवरच्या गड्याला आपली रेघ सोडता येत नाही, म्हणून सूरपाटीवरील गड्याच्या मदतीवाचून त्याला कोंडी करता येत नाही. उलटपक्षी, कोंडीत सापडलेल्या गड्याने पाटीवाल्यास एका अंगाला ओढून धरले, तर त्याचा सोबती दुसऱ्या अंगाने निसटू शकतो. हाकाटी, खुणा व हूल देणे यांवर हा खेळ चालतो.

हुतूतूचे संजीवनी, गनिमी व अमर असे तीन प्रकार पूर्वी रूढ होते. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची तुलना उद्‌बोधक ठरते. गनिमी प्रकारात बाद झालेला गडी आपला संपूर्ण पक्ष बाद होईपर्यंत बाहेर बसतो. त्यामुळे दुबळा गडी बहुतेक वेळ प्रेक्षकच राहतो. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नाही, विरुद्ध पक्षाला फक्त गुण मिळतो. हालचाल सर्वांना मिळते, परंतु बाद होण्याचे गांभीर्य कमी होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की, आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा जिवंत होतो. बाहेर बसलेल्याचे खेळणे सोबत्याच्या चढाईवर किंवा पकडीवर अवलंबून असल्याने आतील व बाहेरील गड्यांचा संबंध तुटत नाही. कबड्डीचे आजचे प्रमाण नियम मुख्यतः संजीवनी प्रकारावर आधारलेले आहेत.

अंगणात खेळल्या जाणाऱ्या साध्या खेळांतही अशी रचना आढळते. विषामृतात ‘विष’ मिळालेला मुलगा जागच्या जागी थांबतो व सोबत्याने स्पर्श करून ‘अमृत’ दिल्यावर सुटतो. पकडले जाण्याचा धोका पत्करल्यावाचून त्याला सोडविता येत नाही. लगोरीत फोडलेली लगोर चेंडूचा मार चुकवीत सर्वांनी मिळून पुन्हा रचावयाची असते. फुगडीत दोघी हातांची अढी घालून, पाय जुळवून मागे झुकतात व गरगर फिरतात. एकीचा तोल दुसरीच्या वजनावर अवलंबून असल्याने एकीला पाडून दुसरीने जिंकावे, अशी त्यात सोयच नसते.

या खेळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हुतूतू, खो-खो, विषामृत यांचा पाया स्पर्श हा आहे. ज्या समाजात स्पर्शावर जातीची बंधने होती, त्या समाजातील निरनिराळ्या जातींची मुले एका शाळेत असे खेळ खेळू लागली की, विटाळ पाळून खेळणे अशक्य होई. एक तर काही मुलांना डावातच घ्यावयाचे नाही किंवा स्पर्शाचे बंधन मोडावयाचे, असे दोनच मार्ग उरत. कोणता मार्ग निवडला जाई, ते शाळेवर व शिक्षकावर अवलंबून असे. खेळाच्या अंगी समतेची शक्यता होती; ती आपोआप साध्य होत नव्हती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ (स्थापना १९२५) व राष्ट्र सेवा दल (स्थापना १९४१) या परस्परभिन्न विचारांच्या संघटनांनी आपापल्या शाखांवर मैदानी देशी खेळांचा सारखाच उपयोग केला, यावरूनही खेळाचा संस्कार तो चालविणाऱ्यावर किती अवलंबून असतो, हे दिसून येते.

‘कच्चे लिंबू’ : अंगणातील खेळ आणि शाळेतील नियमबद्ध खेळ यांतील फरक सर्वांत स्पष्टपणे या संज्ञेतून कळतो. फार लहान किंवा खेळात कच्च्या असलेल्या मुलाला ‘कच्चे लिंबू’ म्हणून डावात घेतले जाई. तो इतरांबरोबर धावे, लपे, ओरडे. परंतु तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. पक्षांचे बळ समान राखण्यासाठी दोन मेढे आळीपाळीने भिडू निवडीत व संख्या विषम असल्यास एखादा भिडू दोन्ही बाजूंनी खेळे. खेळ चालू राहावा, हा या सर्व संकेतांचा हेतू होता. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून असे दाखवून दिले की, लहान मुले नियमांना वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले व अपरिवर्तनीय मानतात. मोठी मुले मात्र नियम म्हणजे परस्परसंमतीने केलेला करार होय, या जाणिवेपर्यंत पोहोचतात. कच्च्या लिंबाचा संकेत हा अशा कराराचाच नमुना आहे. छापील नियमावलीत त्याला जागा नाही व पंच असलेल्या सामन्यात त्याची मुलांना गरजही भासत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९५४ पासून भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या द्वारे आंतरशालेय स्पर्धांना देशव्यापी स्वरूप प्राप्त झाले. ग्रामीण भागातील अनेक मुलामुलींना या स्पर्धांमुळे गावाबाहेर जाण्याची व नाव मिळविण्याची पहिली संधी लाभली. विशेषतः खो-खो व कबड्डी या खेळांनी मुलींना धावण्याचे, पडण्याचे व झुंजण्याचे मैदान उपलब्ध करून दिले, ही मोठी सामाजिक घटना होय. कबड्डीचा १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत समावेश झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व तीत पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारताचे संघ विजयी झाले.

याच काळात शाळेच्या मैदानावर एक वेगळा परिणाम घडून आला. शाळेचा लौकिक चषकांवर मोजला जाऊ लागला, तेव्हा शिक्षकाचे लक्ष संघात निवडलेल्या मुलांवर केंद्रित झाले. पन्नास मुलांच्या वर्गात प्रमाण नियमांनुसार खो-खोचा एक डाव मांडल्यास पाठलाग करणारे नऊ व पळणारे तीन अशी बारा मुले मैदानात असतात. उरलेली अडतीस मुले कडेला बसतात. कबड्डीत सात अधिक सात अशी चौदा मुले खेळतात. १९५९-६० पासून राबविलेल्या राष्ट्रीय शारीरिक क्षमता अभियानातही धावणे, उडी, फेक इ. वैयक्तिक कसोट्यांवर भर होता; त्यांत सहकार्याला जागा नव्हती. परीक्षेचे महत्त्व वाढत गेले, तसा खेळाचा तास गणित वा इंग्रजीसाठी वापरला जाऊ लागला. शहरांतील अनेक शाळांना मैदानच उरले नाही. २००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेला क्रीडांगण असणे हा एक निकष म्हणून घालून दिला. मात्र जुन्या दाट वस्तीत नवी जागा निर्माण करणे कायद्यालाही सोपे नाही.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात यापेक्षा वेगळी परंपरा विकसित झाली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात ताराबाई मोडक यांनी आणि पुढे अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साहित्य, गाणी व खेळ यांवर आधारित बालवाड्या चालविल्या. तेथे चषक नव्हता. खेळात सहभागी होणे हेच साध्य होते. प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत हा दृष्टिकोन पोहोचला असता, तर खेळाच्या तासाचे स्वरूप निराळे झाले असते.

सद्यःस्थिती : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशी खेळांसह क्रीडासमावेशक अध्यापनाचा पुरस्कार करण्यात आला असून सहकार्य, स्वयंशिस्त, संघभावना व जबाबदारी ही त्याची उद्दिष्टे सांगितली आहेत. त्यास अनुसरून २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ७५ भारतीय खेळ शाळांमध्ये रुजविण्याची योजना जाहीर केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी सरासरी रोज ६० मिनिटे मध्यम ते जोरकस स्वरूपाची हालचाल करावयास हवी. आठवड्यातील दोन-तीन खेळाच्या तासांनी ही गरज भागत नाही. शाळेत शिकलेला खेळ मुलांनी शाळेबाहेर, शिक्षकावाचून खेळला, तरच ती भागू शकते.

या दृष्टीने देशी खेळ शिकविताना काही पथ्ये उपयुक्त ठरतात. एका मोठ्या मैदानाऐवजी तीन-चार लहान मैदाने आखून वर्गातील सर्व मुलांना एकाच वेळी खेळवावे. बाद झालेल्या मुलास लवकर डावात परत आणणारे नियमभेद निवडावेत. मुलगे व मुली यांचे खेळ वेगळे न ठेवता फुगडी, लंगडी, लगोरी हे सर्वांना शिकवावेत. अपंग व अशक्त मुलांना सामावून घेण्यासाठी नियमात काय बदल करावा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. आपापसांतील वाद प्रथम त्यांनाच सोडवू द्यावा व शिक्षकाने अन्याय वा इजा होण्याचा संभव असल्यासच मध्ये पडावे. नियमावलीतील खेळ स्पर्धेसाठी कायम ठेवूनही हे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवीन साहित्य लागत नाही. शिक्षकाचा वेळ, थोडी मोकळी जमीन आणि वेळापत्रकातील खेळाचा तास इतर विषयांना न देण्याचा निश्चय एवढेच लागते.